मिररलेस कॅमेरा : घेण्याआधी घराची खोली मोजा

भांडुपच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरील दुकानदार असोत की सोनापूर, टेंभीपाडा भागातील कारागीर, घरात निकाह ठरला किंवा मुलांच्या सुट्टीत गावी जायचे ठरले की एक प्रश्न हमखास निघतो. आता एक चांगला कॅमेरा घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? पूर्वी ३६ फोटोंचा रोल टाकला की काम भागत असे. आज दुकानात गेल्यावर मेगापिक्सेलचे आकडे ऐकवले जातात, हप्त्याची सोय दाखवली जाते आणि साठ-सत्तर हजारांची रक्कम अर्ध्या तासात हातची जाते. छोट्या कारागिराच्या दृष्टीने ही काही किरकोळ रक्कम नव्हे. म्हणून या पानावर आम्ही हा विषय थोडा खोलात जाऊन मांडत आहोत.

फोटो काढणे जायज की नाजायज याविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या चर्चेत हे पान शिरणार नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. ज्यांचे घेण्याचे ठरलेच आहे, त्यांचा पैसा योग्य ठिकाणी पडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी नावाचा अर्थ पाहू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे तिरपा आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर फेकला जातो आणि डोळ्याला दिसतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो. मिररलेसमध्ये हा आरसा काढून टाकलेला आहे. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि तेच चित्र मागच्या पडद्यावर किंवा डोळा लावायच्या छोट्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. फोटो जसा येणार तसाच आधी दिसतो, माणसाचा डोळा ओळखून कॅमेरा आपोआप फोकस धरतो आणि कॅमेऱ्याची जाडी व वजन कमी होते. पॅनासॉनिकने २००८ साली या पद्धतीचा पहिला कॅमेरा आणला, सोनी २०१० मध्ये उतरली, आणि २०१८ साली कॅनन व निकॉन या दोन्ही जुन्या पेढ्यांनी आपली मोठी मिररलेस मालिका सुरू केली. २०२० नंतर या दोघांनी आरशाचा नवा कॅमेरा बाजारात आणलेला नाही. म्हणजे आज नव्याने पैसा घालणाऱ्याने मिररलेसकडेच पाहावे, हे उघड आहे.

ज्यांच्या घरी जुना एसएलआर आणि त्याच्या लेन्स पडून आहेत त्यांनी त्या भंगारच्या भावात काढू नयेत. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडाप्टर लावून नव्या आर मालिकेवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्याच एफटीझेड अ‍ॅडाप्टरवर ऑटोफोकस करतात. मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, फोटोही निघतो, परंतु फोकस हातानेच करावा लागतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

मुळात गरज आहे का?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. भर उन्हातल्या फोटोसाठी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या फोटोसाठी हातातला चांगला फोन पुरेसा आहे. फरक पडतो तो कमी उजेडात, धावत्या मुलांच्या फोटोत आणि लांबच्या वस्तूच्या फोटोत. घरगुती मिररलेसमध्ये बहुधा एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद. महागड्या फोनच्या मुख्य सेन्सरशी तुलना केली तरी त्याचे क्षेत्रफळ तिप्पट ते पाचपट भरते. सेन्सर मोठा म्हणजे प्रकाश गोळा करायला जागा जास्त. याहून मोठा फुल फ्रेम सेन्सरही मिळतो, ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. परंतु त्याच्या लेन्स जड आणि महाग असतात. घरगुती वापराला त्याची गरज नाही.

आमच्या घरांच्या दृष्टीने आणखी एक कारण आहे, ज्याचा कॅमेऱ्याच्या जाहिरातीत कधी उल्लेख येत नाही. निकाह, अकीका, वलीमा अशा प्रसंगी स्त्रियांच्या बाजूला बाहेरचा फोटोग्राफर नेणे पुष्कळ कुटुंबांना रुचत नाही. मग तिकडचे फोटो एकतर निघतच नाहीत किंवा दहा जणींच्या फोनमध्ये विखुरतात आणि तिथून कुठे कुठे जातात याचा पत्ता लागत नाही. घरातील मुलीच्या किंवा सुनेच्या हाती हलका कॅमेरा असला तर फोटो घरच्या हातांनी निघतात आणि कार्ड घरातच राहते. हे कारण असेल तर खरेदीला घरातील त्या मुलीला सोबत न्यावे. कॅमेरा तिच्या हातात बसला पाहिजे, वडिलांच्या नव्हे. आणि कोणाचाही फोटो काढण्याआधी विचारावे, हे सांगायला नको.

खोलीचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आमचे मत असे की कॅमेरा निवडण्याची सुरुवात कॅमेऱ्याच्या दुकानात होत नाही, आपल्या घरातील खोलीत होते. सुतारकाम, शिवणकाम करणाऱ्या आमच्या बांधवांना माप घेण्याची सवय असते, म्हणून हा हिशेब त्यांना लगेच कळेल.

लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा असतो त्यावरून चित्रात किती रुंदी मावेल ते काढता येते. उभे राहण्याचे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले लेन्सचा आकडा. समजा खोली दहा फूट लांब आहे आणि आपण भिंतीला पाठ लावून उभे आहोत. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर दहा फुटांवर फक्त साडेचार फूट रुंदी मावते. म्हणजे दस्तरखानावर बसलेल्या आठ जणांपैकी दोघे-तिघेच फोटोत येतील. निकॉन किंवा सोनीच्या २३.५ मिलिमीटर सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स लावली तर पावणेदहा फूट मावते. जवळजवळ समोरची भिंतच. १६ मिलिमीटर लावली तर साडेचौदा फुटांच्या पुढे.

हे गणित इतके का सांगतो? कारण ‘दुसरी लेन्स ५० ची घ्या, स्वस्त आहे, चेहरा सुंदर येतो’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही. परंतु तो मोठ्या बंगल्यातल्या किंवा बागेतल्या माणसाला लागू पडतो. भांडुपच्या चाळीतील खोलीत किंवा झोपु योजनेतील घरात ५० ची लेन्स घेऊन माणूस मागे सरकत सरकत जिन्यावर जातो. घरी फूटपट्टी घेऊन खोली मोजावी, किती जणांचा फोटो बहुधा निघतो ते पाहावे आणि त्यावरून लेन्सचा आकडा काढूनच दुकानाची पायरी चढावी.

दुसरा आकडा उजेडाचा. लेन्सवर एफ/१.८, एफ/३.५, एफ/६.३ असे लिहिलेले असते. लेन्सचे तोंड किती उघडते हे त्यावरून कळते, आणि आकडा जितका लहान तितके तोंड मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सचे तोंड लहान असते. निकॉनची १६-५० मिलिमीटरची किट लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ आणि लांब टोकाला एफ/६.३ आहे; कॅननची १८-४५ तर रुंद टोकालाच एफ/४.५ पासून सुरू होते. निकॉनची २४ मिलिमीटर एफ/१.७ ही लेन्स घेतली, तर एफ/३.५ च्या सव्वाचार पट आणि एफ/६.३ च्या तेरा पटींहून अधिक प्रकाश आत येतो. ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो दाणेदार येणे, पळणारे मूल पुसट येणे ही जी नेहमीची तक्रार आहे, तिचे खरे औषध या आकड्यात आहे. नवा, अधिक महाग कॅमेरा घेऊन त्यावर तीच किट लेन्स ठेवली तर तक्रार फारशी मिटत नाही.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काही कॅमेऱ्यांत व लेन्समध्ये हात हलल्याची भरपाई करणारी व्यवस्था असते. ती उपयोगी आहे, पण ती फक्त आपला हात सावरते. समोरचा मुलगा उड्या मारत असेल तर ती त्याला थांबवू शकत नाही. त्यासाठी सेकंदाच्या सव्वाशेव्या किंवा त्याहून लहान भागात फोटो निघावा लागतो, आणि तेवढ्या अल्प वेळात पुरेसा प्रकाश यायला लेन्सचे तोंड मोठेच हवे.

म्हणून आमचा सल्ला असा की अंदाजपत्रकातील मोठा वाटा लेन्सकडे वळवावा. कॅमेरा एक पायरी खालचा किंवा एक पिढी जुना घेतला तरी चालेल. सिग्मा कंपनीची १८-५० मिलिमीटर एफ/२.८ ही लेन्स सोनी व फुजीसाठी, आणि २०२४ पासून कॅननसाठीही मिळते. दहा फुटांच्या खोलीत बारा-तेरा फूट रुंदी, उजेड चांगला, आणि गावी गेल्यावरही तीच लेन्स चालते. एकच लेन्स बाळगायची असेल तर आमची पसंती तिला. निकॉन घेणाऱ्याने किट लेन्ससोबत वरील २४ मिलिमीटरची लेन्स घ्यावी.

मेगापिक्सेलविषयी एवढेच, की २४ मेगापिक्सेलच्या फोटोची वीस इंच रुंद उत्तम प्रत निघते. भिंतीवर त्याहून मोठे काय लावणार?

कोणते मॉडेल?

सगळी मॉडेले मोजत बसण्यात अर्थ नाही, दर वर्षी नवी येतात. काही खुणा मात्र ध्यानात ठेवाव्यात. निकॉन झेड३० (२०२२) आणि सोनी झेडव्ही-ई१० (२०२१) हे कॅमेरे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बनले आहेत. त्यांना डोळा लावायची खिडकी नाही. मे महिन्यात मुरुडच्या किनाऱ्यावर दुपारी उभे राहून मागच्या पडद्यावर पाहिले तर स्वतःचाच चेहरा दिसतो, फोटो दिसत नाही. कॅनन आर१०० (२०२३) स्वस्त आहे, परंतु त्याचा पडदा स्पर्शाने चालत नाही व फिरतही नाही. फोनची सवय झालेल्या मुलांना तो जड वाटेल. त्याच वर्षीच्या कॅनन आर५० मध्ये खिडकी आहे, फिरणारा स्पर्शपडदा आहे, आणि बॅटरी-कार्डासह वजन पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास आहे. निकॉन झेड५० (२०१९), सोनी ए६४०० (२०१९) हे जुने झाले तरी घरगुती कामाला आजही पुरेसे आहेत, विशेषतः सेकंडहँड मिळाले तर.

सेकंडहँडमध्ये एक सावधगिरी. कॅननची एम मालिका २०१२ मध्ये आली आणि एम५० हे तिचे मॉडेल पुष्कळ खपले, म्हणून आज ते ठिकठिकाणी स्वस्तात दिसते. ही मालिका कंपनीने बंद केली आहे आणि तिच्या लेन्स नव्या आर मालिकेवर बसत नाहीत. स्वस्त म्हणून घ्यायला हरकत नाही, पण पुढे वाढवता येईल या आशेने घेऊ नये.

आता सुट्टीचे. आमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांची सुट्टी म्हणजे रायगड-रत्नागिरीतील गाव. तिथे कॅमेऱ्याचे तीन शत्रू आहेत : पाऊस, खारी हवा आणि वाळू. स्वस्त कॅमेरे पावसात भिजवण्यासाठी बनलेले नसतात. होडीतून जंजिरा पाहायला जाताना लेन्स बदलू नये. उघड्या सेन्सरवर वाळूचा कण बसला की पुढचा प्रत्येक फोटो डागाळतो. घरी आल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. सर्वांत मोठा धोका घरातच असतो, तो म्हणजे बुरशी. पावसाळ्यात चार महिने कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर जाळी धरते आणि ती साफ करण्याचा खर्च कधी कधी लेन्सच्या किमतीला जाऊन भिडतो. खिंडीपाड्यासारख्या डोंगरालगतच्या वस्तीत तर ओल अधिकच. उपाय अगदी साधा आहे. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापर. पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात.

दूरच्या फोटोंसाठी वेगळी लांब लेन्स लागते. सराव करायला लांब जायला नको. भांडुप पंपिंग स्टेशनजवळच्या खाडीवर थंडीत व उन्हाळ्यात रोहित पक्षी येतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शंभर फुटांवरचा पक्षी ५० मिलिमीटरने काढला तर चित्रात ४७ फूट रुंदी येते आणि तीन फुटांचा पक्षी ठिपका होतो. २५० मिलिमीटरने साडेनऊ फूट येते व पक्षी पक्ष्यासारखा दिसतो. परंतु वर्षातून दोन वेळा वापरायला ही लेन्स विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणलेली बरी.

खरेदी, बिल आणि हप्ता

मुंबईत कॅमेऱ्याचा जुना बाजार फोर्टमधील बोरा बाजार व आसपासच्या गल्ल्यांत आहे. भांडुपहून धीमी लोकल पकडली की सीएसएमटीपासून पायी जाता येते. (या रेल्वेची कल्पनाच जॉर्ज क्लार्क या अभियंत्याला १८४३ साली भांडुपच्या भेटीत सुचली, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेले आहे!) तिथे तीन-चार दुकानांत भाव विचारावा, कॅमेरा हातात घेऊन पाहावा, आपले कार्ड घालून दोन फोटो काढावेत.

एकाच मॉडेलचे दोन भाव ऐकायला मिळतील. कमी भावाचा माल बहुधा अधिकृत आयातदाराऐवजी दुसऱ्या वाटेने आलेला असतो आणि त्याला कंपनीची भारतातील हमी मिळत नाही. ओळखायचे कसे? कायद्याने आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल विक्री किंमत छापलेली असली पाहिजे. ते लेबल नसेल तर प्रश्न विचारावा. खोक्यावरील आणि कॅमेऱ्यावरील क्रमांक जुळतात का पाहावे, आणि तोच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. जुना माल घेताना तर हे फारच गरजेचे, कारण चोरीचा माल निघाला तर त्रास घेणाऱ्याला. जुन्या लेन्समधून विजेरीचा प्रकाश टाकून बुरशी तपासावी. एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहिला की सेन्सरवरील डाग दिसतात.

डिजिटल कॅमेऱ्यावर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ टक्के झाला. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने दुकानातील मालाचे फोटो काढण्यासाठी कॅमेरा घेतला तर पक्के बिल दुकानाच्या नावे घ्यावे. या कराची वजावट मिळू शकते. घरगुती वापराच्या वस्तूवर मात्र ती मिळत नाही. दोन्हीकडे वापर असेल तर किती भाग दाखवायचा ते आपल्या सीएला विचारूनच ठरवावे. निकाहचा कॅमेरा दुकानाच्या खात्यात घालणे हा सरळ व्यवहार नव्हे.

हप्त्याचा विषय आमच्या वाचकांसाठी सर्वांत नाजूक आहे. ‘नो-कॉस्ट इएमआय’ म्हटले की पुष्कळांना वाटते, यात व्याज नाही. कागद नीट वाचावा. बहुतेक योजनांत बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढीच सूट किमतीत देते, म्हणून बेरीज जुळते. समजा व्याज २,६०० रुपये झाले, तर २,६०० ची सूट मिळाली, पण बँकेने त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४६८ रुपये वेगळे घेतले, शिवाय प्रक्रिया शुल्क. रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, व्याज शुल्काच्या आड लपवू नये. म्हणजे ज्याला सूद टाळायचा आहे त्याने या नावावर विसंबू नये. मग मार्ग कोणता? एक, ठरलेल्या एकाच किमतीत दुकानदाराने स्वतः दोन-तीन हप्ते मान्य करणे. ओळखीचा दुकानदार हे करतो. दुसरा, भिशी. दहा जणांनी दरमहा सहा हजार टाकले तर पाळीने प्रत्येकाला साठ हजार मिळतात आणि कोणाला एक पैसा जास्त द्यावा लागत नाही. मात्र ज्या भिशीत लिलाव होतो, आधी उचलणारा कमी रक्कम घेतो व बाकीची वाटली जाते, तिच्याविषयी आलिमांना विचारून घ्यावे. आणि यापैकी काहीच जमत नसेल तर सहा महिने थांबावे. एवढ्यात नवे मॉडेल येऊन जुन्याचा भाव उतरण्याचीही शक्यता असते.

आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकांकडून कॅमेरा मागवणारे पुष्कळ आहेत. तिथला भाव कमी वाटला तरी हमी इथे चालते का हे आधी विचारावे. शुल्कमुक्त मर्यादेपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर विमानतळावर जकात भरावी लागते. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या सोनी कॅमेऱ्यांत फक्त जपानी भाषा असते, तो माल फिरत फिरत आला तर उपयोग नाही. उलट, आपला महागडा कॅमेरा घेऊन परदेशी जाणाऱ्याने निघताना कस्टमकडून तशी नोंद असलेला दाखला घ्यावा. परतताना तो बाहेरून आणलेला नाही हे सिद्ध करता येते. जादा बॅटरी कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये, हातातल्या सामानातच ठेवावी. विमानाचा तसा नियम आहे.

राहिले फोटो जपण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य तळमजल्यांवरच्या घरांतून निकाहचे अल्बम, वडीलधाऱ्यांचे एकुलते एक फोटो चिखलात गेले. कार्डावर किंवा एकाच फोनवर ठेवलेला फोटो त्या अल्बमइतकाच कच्चा आहे. रस्त्यावर निम्म्या भावात मिळणारी मेमरी कार्डे बहुधा बनावट असतात, लिहिलेल्या क्षमतेच्या आधीच भरतात आणि आधीचे फोटोही नेतात. म्हणून कार्ड बिलासहच घ्यावे. प्रसंग झाला की दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती कराव्यात, आणि त्यातील एक गावच्या घरी किंवा वरच्या मजल्यावरील नातेवाइकाकडे ठेवावी.